फाटकाबाहेर थांबलेली खीर

हॉल बुक करताना फॉर्मची मागची बाजू तुम्ही वाचता का? खरं सांगा. मी नाही वाचली. भोगलं बायजाबाई तांबेंनी.

बायजाबाई मूळच्या माणगावकडच्या. तळोज्याच्या एका कारखान्यात, कँटीनमध्ये, वीस वर्षं चपात्या लाटल्या. बुद्धपौर्णिमेला आमच्या वस्तीची खीर त्यांच्याच हातची. पहाटे चारला टोप चढतो, आणि पहिली वाटी कुणाच्या तरी हातात जाईपर्यंत बाई पाणीसुद्धा पीत नाहीत. सुजातेने बुद्धांना खीर दिली, तिचं हे दान आहे, म्हणतात, देणारीने आधी तोंडाला काही लावायचं नाही.

यंदा ऊन फार, म्हणून वस्तीच्या मंडळाने वाशीतला एक एसी हॉल घेतला. सही माझी. दहा वाजता टेम्पोतून टोप उतरवला तर वॉचमन आडवा.

"बाहेरचं खाणं अलाऊड नाय."

"अश्विनभाऊ, मी इथंच फाटकाशी वाढते ना," बायजाबाई मला म्हणाल्या. "मान्सं येतील खाली. दुधाचं काम हाय."

"नाय मावशी!" मी म्हणालो. "आत म्हणजे आतच. आपण काय भीक मागतोय?"

आणि मी तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये. नियम दाखव, करार दाखव, माझा आवाज पार जिन्यापर्यंत. तो थंड.

"साहेब, आत फक्त आमच्या कँटीनवाल्याचं खाणं. त्याच्याशी तसा करारच आहे. तुमच्या फॉर्मच्या मागे बघा, अट चौदा."

फॉर्म उलटा केला. मुंगीएवढी अक्षरं, खाली माझी सही. आणि मी अख्ख्या वस्तीला सांगत फिरतो, वाचल्याशिवाय सही करू नका! तरी हटलो नाही. याला फोन, त्याला फोन. दीड वाजला.

खाली आलो. बाई छत्री टोपावर धरून, स्वतः उन्हात.

"वाढा मावशी, इथंच वाढा."

त्यांनी झाकण उचललं, वास घेतला, परत ठेवलं.

"गेली."

वॉचमनने पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी नको म्हणून मान हलवली. मग माझ्याकडे बघून, "आमाला वाचायला तुमीच सांगता ना, भाऊ?"

संध्याकाळी त्यांनी घरी परत अर्धा लिटर दुधाची केली. पहिली वाटी शेजारच्या राजश्रीला. मग पाणी.

कँटीनवाल्याशी केलेल्या त्या कराराची प्रत मी हॉलवाल्यांकडे मागतोय. चार अर्ज झाले, उत्तर नाही. मला चैन पडत नाही. तुम्ही हॉल घ्यायला जाल तेव्हा एवढं करा: सहीच्या आधी कँटीनचा करार मागा. देत नसतील तर पेन खाली ठेवा.