आईच्या भिंती खरवडताना

पांढरकवड्याच्या स्टँडवर हैदराबादची गाडी लागली तेव्हा माझ्या लग्नाला चारच महिने झाले होते. नवरा पेंटर. आईनं भाकरी आणि ठेच्याचं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि खिडकीतून म्हणाली, "जावयाचं काम सावलीतलं आहे. तुले आता कापूस वेचा लागत नाही. घरी बसून खाजो." तिचा चेहरा इतका खुश होता की मला रडायलाही सुचलं नाही.

घरी बसणं जेमतेम दोन महिने टिकलं. नवऱ्याचा जोडीदार गावाला गेला आणि तीन खोल्या घासायच्या राहिल्या. मी डबा घेऊन गेले होते, तिथं पॉलिश पेपर हातात घेतला तो आजवर खाली ठेवला नाही. नऊ वर्षं झाली. जुना रंग निघेल तेवढा खरवडायचा, स्वयंपाकघराच्या भिंतीचा तेलकटपणा सोड्याच्या पाण्यानं धुवायचा, भेगा उकरून भरायच्या, मग पुट्टीचे दोन हात, परत घासणं, धूळ पुसून प्रायमर. पुट्टीला तिकडं लप्पम म्हणतात. रंग त्याच्यानंतर, आणि कौतुक फक्त रंगाचं. पण आज आमचा मेस्त्री, म्हणजे कामाचा मुकादम, रंगाचा डबा उघडण्याआधी विचारतो, "दीदीने दीवार देखी क्या?" मी हो म्हटल्याशिवाय ब्रश बुडत नाही. हे मी फुशारकीनं सांगते आहे, आणि का सांगू नये?

गावात मात्र आई सगळ्यांना सांगायची, "पोरगी घरीच असते." लोकांच्या घरात जाऊन भिंती घासणं तिला मजुरी वाटायचं. पोटापाण्यासाठी बाहेर पडलेल्या तुमच्यापैकी कितीतरी जणांबद्दल घरचे असंच काहीबाही सांगत असतील. मी कधी बोलले नाही, पण ते मला फार लागायचं.

यंदा भावाचं लग्न ठरलं. घराचा रंग आमच्याकडून, असं मी फोनवरच सांगून टाकलं आणि दहा दिवस आधी आम्ही दोघं सामान घेऊन पोचलो.

आमच्याकडं जुना चुना कोणी काढत नाही. दर दिवाळीला आई नीळ टाकलेला चुना मागच्यावरच मारायची. मी लोखंडी पट्टी घातली तसे पापडासारखे थर पडायला लागले, निळा, पांढरा, मधेच एका वर्षीचा गुलाबी. आई ते घमेल्यात भरत होती. चौथ्या दिवशी घर खरूज झालेल्या बकरीसारखं दिसत होतं. शेजारची काकू दारातून विचारून गेली, "घर पाडून राह्यले का हो?"

त्याच दिवशी निरोप आला की उद्या नवरीचे मामा येणार आहेत. एका खोलीतच प्रायमर संपला, म्हणून आम्ही आणखी आणायला पांढरकवड्याला गेलतो. परत येऊन बघते तर मधल्या खोलीच्या दोन भिंती पांढऱ्याशुभ्र. भेगांत पुट्टी भरून, घासून ठेवलेल्या माझ्या भिंतींवर आईनं चुना कालवून मारला होता. कुंचा अजून तिच्या हातात होता.

"चार दिवसाची मेहनत मातीत घातली तुनं," मी म्हटलं.

"मंग पाव्हण्यायले असं खरडलेलं घर दाखवू? कायले आमची इज्जत घालवून राह्यली?"

नऊ वर्षं गिळलेलं तोंडातून निघालंच. "तुले माह्या कामाची लाज वाटते. म्हनून तू गावात सांगतं, पोरगी घरीच असते."

आईनं कुंचा खाली ठेवला. मला वाईट वाटलं, पण शब्द परत घेतले नाहीत. तिला मागच्या खोलीत नेलं, जिथं अजून पट्टी लागली नव्हती, आणि तिचा तळहात भिंतीवर फिरवला. हात पांढरा झाला. मग बाजूच्या खोलीतली तयार भिंत दाखवली, प्रायमर मारलेली. हात कोरडा, स्वच्छ. आईनं खात्री करायला पदरही घासून बघितला.

"म्हंजे," ती हळूच म्हणाली, "तुह्या बापाच्या सदऱ्याची पांढरी पाठ मी जलमभर धुतली, ते याच्यापायी?"

मला हसू आवरलं नाही. ती मात्र हसली नाही. "आन बालटी," म्हणाली. "मीच मारलं, मीच पुसतो."

दुपारभर ती ओल्या फडक्यानं चुना उतरवत होती आणि दर हातभर भिंतीवर मला विचारत होती, "पाय बरं, झालं का?" दोनदा मी नाही म्हटलं. तिनं परत पुसलं. नवरीच्या मामांनी दुसऱ्या दिवशी अंगणात खाटेवर चहा घेतला आणि त्यात कोणाचं काही बिघडलं नाही.

लग्नाच्या दिवशी मधल्या खोलीत बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. नवरीची आई भिंतीकडं बघून म्हणाली, "तुमच्या जावयानं लय चांगला कलर मारला हो."

मी हळदीकुंकवाचं तबक फिरवत होते. आई म्हणाली, "कलर जावयानं मारला. भिंती माह्या पोरीनं तयार केल्या. हैदराबादले हेच काम करते ते, लोकायच्या घरी जाऊन. तिनं हो म्हटल्याबिगर कोनी कलर लावत नाही."

हे शेवटचं वाक्य मी तिला कधी सांगितलं होतं, मला आठवत नाही. माझ्या नवऱ्याकडून कळलं असेल. काकूसकट अख्खी आळी तिथं बसली होती आणि आईनं आवाज जरासुद्धा खाली घेतला नाही.

हैदराबादेत आमच्या भाड्याच्या दोन खोल्या आहेत. गावाला मी इतकी वर्षं माहेर म्हणत आले. त्या दिवसापासून घर म्हणते. मी काय काम करते, हे आता तिथं सगळ्यांना माहीत आहे.