घुम्या की मितभाषी

ताईंना तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे दुरुस्तीबाई. पाठीमागचं नाव त्यांना ठाऊक होतं. त्यावर त्यांची तक्रार एवढीच, की दुरुस्ती पंख्याची होते, वाक्याचं संस्करण होतं. अशा बाईशी गप्पा मारणं म्हणजे तोंडी परीक्षेला बसणं. 'काल फार मजा आली' म्हणालात तर त्या विचारणार, 'फार की पुष्कळ?' आणि तुम्ही मजा विसरून फरक शोधत बसणार.

बाजारात चपलांच्या दुकानावर, जिना चढून गेलं की डाव्या हाताला, त्यांच्या मामींचं विवाह मंडळ होतं. बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या, पाण्याचा जार आणि खालून येणारा कोऱ्या चामड्याचा वास. आतल्या खोलीत ताईंचं टेबल. लग्नाळू माणसं स्वतःचा परिचय लिहून आणत, ताई तो नीट करत, आणि दर महिन्याला सगळ्या परिचयांची एक पुस्तिका छापून सभासदांना जाई. जुळवायचं काम मामींचं, शब्दांचं ताईंचं.

एका बापानं लिहिलं होतं, 'मुलगी साधी आहे.' ताईंनी त्याला समोर बसवून विचारलं, "राहणीनं साधी, स्वभावानं साधी, की डोक्यानं?" बाप तिन्ही पर्यायांवर बराच वेळ विचार करत राहिला. एका घटस्फोटितानं स्वतःला 'अनुभवी' म्हणवून घेतलं होतं. ते खोडून ताईंनी 'पूर्वी विवाहित' केलं. अनुभव नोकरीच्या अर्जात शोभतो, असं त्या म्हणाल्या.

चाळिशी उलटली तरी ताईंनी स्वतः लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, यावर खाली चपलांच्या दुकानात बरीच चर्चा व्हायची. माझं मत विचाराल तर कुणीतरी विचारलं असणार, पण त्याचं वाक्य चुकलं असणार.

पुढचं सगळं मला मामींनी सांगितलंय. मामींच्या पोटात काही राहत नाही, ही त्यांची मोठीच समाजसेवा आहे.

तर एके दिवशी पलीकडच्या गल्लीतले चष्मेवाले जिना चढून आले. पन्नाशीला टेकलेले, विधुर, अंगानं सडसडीत, बोलणं इतकं हळू की समोरच्यानं पुढं वाकावं. चार ओळी लिहून आणल्या होत्या. पहिलीच ओळ, 'मी एकटा राहतो.'

"एकटा म्हणजे?" ताईंनी विचारलं.

"म्हणजे घरात दुसरं कुणी नाही."

"ते कळलं हो. पण 'एकटा' लिहिलं की नुसती माहिती होते. 'एकाकी' लिहिलं की वाचणारीला तुमची कीव येते. आणि 'सडाफटिंग' लिहिलं, तर ती पुस्तिका मिटून ठेवते."

चष्मेवाल्यांनी जरा विचार केला. "दिवसा मी एकटा असतो. संध्याकाळी दुकान बंद केलं की ते दुसरं."

"एकाकी."

"तेच. सडाफटिंग व्हायला मला कधी जमलंच नाही."

ताई हसल्या. आतल्या खोलीतून हसण्याचा आवाज आला तेव्हा मामींना आधी वाटलं, खाली दुकानात कुणीतरी हसतंय.

"आमच्याकडे असंच चालतं," चष्मेवाले म्हणाले. "डोळ्यापुढे काच धरायची, मग दुसरी धरायची, आणि विचारायचं, आधीची बरी की आताची? आपल्याला काय हवंय ते माणसाला सांगता येत नाही. काच बदलली की मात्र लगेच कळतं."

आता कुणी गजरे देतं, कुणी गाणी म्हणतं. ताईंच्या मनात शिरायला हे एवढं वाक्य पुरलं. त्यांनी परिचय लिहिला तो असा: 'मितभाषी, व्यवस्थित, काटकसरी. वाचनाची आवड. दिवंगत पत्नीची आठवण जपणारे. घर ऐसपैस.'

दोन दिवसांनी चष्मेवाले परत हजर. 'ऐसपैस' जरा सैल वाटतं का, 'प्रशस्त' घालावं का, एवढंच विचारायचं होतं म्हणे. त्यावर अख्खी दुपार गेली. मग 'आवड' की 'गोडी' यासाठी आले. मग 'गृहस्थ' की 'सद्गृहस्थ' यासाठी. मितभाषी माणूस जिना चढला की नळ सोडल्यासारखा बोलायचा, आणि ताई त्याला कुठंही न अडवता ऐकायच्या. मामी बाहेर बसून नुसत्या कान देत होत्या.

मग पुस्तिका निघाली आणि चष्मेवाल्यांसाठी तीन विचारणा आल्या. एक बँकेतल्या बाईंची, एक शाळेतल्या बाईंची, एक बेकरीवाल्या बाईंची. परिचय इतका नेटका जमलेला, येणारच.

ताईंनी तिन्ही कागद टेबलावर मांडले आणि हातात तांबडी पेन्सिल घेतली. बँकेतल्या बाईंनी लिहिलं होतं, 'भेटण्यास उत्सुक आहे.'

"चार ओळी वाचून उत्सुक?" ताई मामींना म्हणाल्या. "याला उतावीळ म्हणतात."

"अगं, बाई भेटायचं म्हणतेय, भांडायचं नाही."

"आणि ही बेकरीवाली. 'स्वभाव गोड.' गोड हा हिचा धंदा झाला, स्वभाव कसा होईल?"

शाळेतल्या बाईंच्या पत्रात एकही चूक सापडली नाही. त्या पत्राचा ताईंना सगळ्यात जास्त राग आला.

याला नाव काय द्यायचं, हे खुद्द ताईंनाही ठरवता येईना. हेवा म्हणावा, तर तो दुसऱ्याकडे जे असतं त्याचा वाटतो, आणि या तिघींकडे अजून काही नव्हतं. मत्सर म्हणावा, तर तो पुराणातल्या माणसांना शोभतो. आम्ही साधी माणसं याला पोटात दुखणं म्हणतो, आणि दुखतंही तिथंच.

पत्रं दाबून ठेवण्याइतक्या ताई खालच्या थराला गेल्या नाहीत. चष्मेवाले तिघींना भेटून आले. कशा होत्या, असं विचारल्यावर म्हणाले, "बऱ्या होत्या." या 'बऱ्या'वर ताईंनी आठवडा काढला. 'चांगल्या' म्हणाले नाहीत. 'छान' म्हणाले नाहीत. बऱ्या.

पण पुढचा अंक तोंडावर आला, आणि पुढच्या अंकात आणखी तिघी येणार हे उघड होतं. मामी लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या, विचारणारं कुणी नाही. ताईंनी चष्मेवाल्यांचा परिचय पुढ्यात ओढला.

'मितभाषी' खोडून 'अबोल' केलं. वाचून पाहिलं. अबोलमध्ये अजून गोडवा शिल्लक होता, एखादी भाळायची. मग 'अबोल' खोडून 'घुम्या' केलं. 'व्यवस्थित'चं 'काटेकोर' झालं. 'काटकसरी'चं 'हात आखडून वागणारे'. 'घर ऐसपैस'चं 'घर मोठे, रिकामे'. आणि बिचाऱ्या बायकोची आठवण जपणारे चष्मेवाले 'पत्नीच्या आठवणीतून अद्याप बाहेर न आलेले' झाले. यातला एकही शब्द खोटा नव्हता, असं ताईंनी नंतर मामींना अगदी शपथेवर सांगितलं. माणूस तोच होता, काच तेवढी बदलली होती.

अंक गेला. एकही विचारणा आली नाही. ताईंची कळी खुलली. खालच्या चपलावाल्यानं विचारलं, "काय ताई, आज गुणगुणताय?" तर त्याचं वाक्य सुद्धा त्यांनी तसंच सोडून दिलं.

आणि मग एका सकाळी जिना दणाणला. तलावावर पोरांना पोहायला शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. उंच, रुंद खांद्यांच्या, आवाज असा की पाण्याच्या तळाशी बसलेल्या पोरालाही ऐकू जावा. हातात पुस्तिका, आणि तिच्यात पेनानं गोल केलेले शब्द. नेमके तेच.

"हे घुम्या गृहस्थ कोण?" त्यांनी विचारलं.

"तुमची काहीतरी गफलत होतेय," ताई म्हणाल्या. "ते खरंच घुम्या आहेत."

"हवाच आहे मला घुम्या. दिवसभर कानाशी पोरं किंचाळतात. आणि पहिला नवरा असा बोलघेवडा होता की घरात रेडिओसुद्धा गप्प बसायचा."

"काटेकोर आहेत हो फार. जाच होईल तुम्हाला."

"माझे टॉवेल रंगाप्रमाणे लावलेले असतात, ताई. जाच झाला तर त्यांना होईल."

"आणि पत्नीच्या आठवणीतून ते अजून..."

"बाहेर आलेले नाहीत. वाचलं ना मी. म्हणजे माणसात निष्ठा आहे."

निष्ठा. हा शब्द ताईंना सुचला नव्हता. आयुष्य शब्दांत घालवलेल्या बाईला जो शब्द सुचला नाही, तो तलावावरून आलेल्या बाईला एका दमात सुचला. नवरा पळवला असता तरी ताईंना इतकं झोंबलं नसतं.

मामी परत आल्या आणि त्यांनी रविवारची भेट ठरवून टाकली. चष्मेवाल्यांना आधी वाचायला म्हणून पोहणाऱ्या बाईंचा परिचय तयार करायचं काम अर्थातच ताईंकडे आलं. तासाभरानं मामी आत डोकावल्या तर कागद कोरा.

"अगं, एक विशेषण सुचू नये तुला?"

सुचत होती, ढीगभर. 'आवाज मोठा' की 'खणखणीत'? 'धिप्पाड' की 'बांधेसूद'? पण ताईंचा हात धजेना. चांगला शब्द घातला तर बाई आवडणार. वाईट घातला तर, मागच्या वेळी झालं तसं, तोच नेमका आवडणार. शब्द हातातले निसटले होते.

मामींनी शेजारी पडलेली पुस्तिका उचलली आणि चाळता चाळता थांबल्या.

"घुम्या? हे तू छापलंस? या एवढ्या चांगल्या माणसाला?"

ताई पेन्सिलीला टोक काढू लागल्या.

"तुला तो आवडतो, एवढं सरळ सांगायचं होतंस की मला."

"आवडतो हा शब्द बरोबर नाही."

"मग बरोबर कोणता?"

ताईंनी पेन्सिल खाली ठेवली. "सवय झालीये मला त्यांची."

"मग हे त्याला सांग. मला सांगून काय उपयोग? माझं लग्न झालंय." पण भेट मोडायला मामी तयार नव्हत्या. बाईला शब्द दिलाय, म्हणाल्या.

रविवारी पोहणाऱ्या बाई वेळेआधीच येऊन बसल्या. मागून चष्मेवाले आले. त्यांनी बाईंना नमस्कार केला, पण बसले नाहीत. आतल्या खोलीच्या दाराशी गेले आणि खिशातून पुस्तिका काढली.

"ताई, एक शंका होती."

"विचारा ना."

"मागच्या अंकात मी मितभाषी होतो. या अंकात घुम्या झालो. मधल्या काळात मी असं काय केलं?"

आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या होत्या.

"शब्द बरोबर आहे," ताई सवयीनं बोलून गेल्या.

"असेल. दुकानात दोघातिघांनी चेष्टाही करून झाली. त्याचं काही नाही. तुम्हाला मी तसा वाटतो का, एवढंच विचारायला आलो. बाकीच्यांना वाटलो तर चालेल."

आता मामींनी मला ही जागा तीनदा सांगितली आहे आणि तिन्ही वेळा इथं थांबून पाणी प्यायल्या आहेत. ताईंनी टेबलाचा कोपरा धरला होता. बाहेरच्या खुर्चीवरून पोहणाऱ्या बाई मान लांब करून बघत होत्या. खरं सांगावं तर मंडळाची अब्रू जाणार, आणि शब्दाला धरून बसावं तर माणूस जाणार.

"तुम्ही काही केलं नाहीत," ताई म्हणाल्या. "तुम्हाला विचारणा आल्या."

"मग?"

"तीन आल्या. मला एकही सहन झाली नाही."

आधी समजलं ते पोहणाऱ्या बाईंना. त्या अशा हसल्या की खालचा चपलावाला अर्धा जिना चढून आला. मग एकदम गंभीर होऊन त्यांनी मामींना विचारलं, "म्हणजे हे बोलतात?"

"तास तास," मामी म्हणाल्या. "एकदा ऐसपैस आणि प्रशस्त यावर दुपार घालवलीय दोघांनी."

"मग माझ्या काय उपयोगाचे? मला खरोखरीचा घुम्या बघा." आणि आल्या तशा दणदणत निघून गेल्या.

चष्मेवाले आत जाऊन ताईंच्या समोर बसले. बराच वेळ कुणी बोललं नाही. मामींना भीती वाटली की शेवटी 'घुम्या'च बरोबर ठरतोय की काय.

"पुढच्या अंकात काय घालणार?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या अंकात तुमचा परिचय नसेल."

"वगळणार?"

"राखून ठेवणार."

"वाक्य अपुरं आहे, ताई. कुणासाठी?"

ताईंच्या वाक्यातली उणीव कुणी दाखवून देण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी ती भरून काढली, पण इतक्या हळू की दाराला कान लावूनही मामींना ऐकू गेली नाही. याचं मामींना अजून दुःख आहे.

लग्नाला आता दोन-तीन वर्षं होतील. लग्न झालं म्हणजे पोटदुखी थांबते असं तुम्हाला वाटत असेल, तर तुमचं लग्न झालेलं नसावं. पोहणाऱ्या बाई पाण्यात घालायचा नंबरचा चष्मा करायला चष्मेवाल्यांकडे आल्या. मग तो घट्ट करायला आल्या. मग सैल करायला. परवा मी चष्म्याची काडी बसवून घ्यायला गेलो, तर काउंटरमागे नवराबायकोचा वाद रंगलेला. चष्मेवाले म्हणत होते, "अधूनमधून येतात." ताई म्हणत होत्या, "वारंवार."

मला बघून ताईंनी मलाच साक्षीला धरलं. "तुम्ही दिवसभर समोरच्या कट्ट्यावर असता. तुम्हीच सांगा, ती बाई किती येते?"

मी चष्मेवाल्यांकडे बघितलं. ते डोळ्यांनी विनवत होते. खरं तर बाई महिन्यातून एखादवेळी दिसते. पण असा प्रसंग आयता चालून आलेला, तो वाया घालवण्याइतका मी म्हातारा झालेलो नाही.

"ऊठसूट येते," मी म्हणालो.

ताईंनी तो शब्द तोंडातल्या तोंडात घोळवून पाहिला आणि नवऱ्याकडे वळल्या. "ऐकलंत? याला म्हणतात शब्द."