दगडांच्या शाळेतला पेला

मोठ्या चादरीची घडी एकट्याने नीट होत नाही. समोर कुणीतरी लागतं. दोघांनी दोन-दोन कोपरे धरायचे, चादर ताणायची, एकदा झटकायची, मग एकमेकांकडे चालत यायचं आणि एकाने आपले कोपरे दुसऱ्याच्या हातात द्यायचे. हॉस्पिटलच्या लाँड्रीत तिचा जन्म याच कामात चालला होता. नवा माणूस भेटला की त्याचा चेहरा तिला नंतर दिसायचा, आधी दिसायचे हात, आणि ते कुठवर पोचतील याचा अंदाज यायचा.

घरी समोरची टोकं नवरा धरायचा. तो ट्रक चालवायचा. आठवड्यात एखादा दिवस घरी असायचा आणि तेवढ्यात आठवड्याचं बोलून घ्यायचा.

"कोपऱ्याला कोपरा लागलाय का ते बघा आधी," ती म्हणायची.

"अगं फूटपट्टी, चादर आहे ती. जमिनीची मोजणी नाही."

फूटपट्टी हे नाव त्याने ठेवलं आणि ते चिकटलं. चुकीचंही नव्हतं. शेजारणीने एकदा हौसेने नवे पडदे दाखवले आणि विचारलं, "कसे दिसतात?" हिने पाहिलं आणि म्हणाली, "तोकडे." शेजारीण दोन महिने बोलली नाही. खोटं बोलायचंच नाही असं काही तिने ठरवलं नव्हतं. तिला ते यायचंच नाही, जसं काहींना शीळ घालता येत नाही.

नवऱ्याचं उलटं. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्याचा रस्ता वाळवंटातून जायचा, आणि त्या वाळवंटात सरकारने राखलेलं एक मोठं उद्यान होतं. उद्यान म्हणजे झाडं नव्हेत, तर वाळू, लाल कडे, वाऱ्याने कोरलेले दगड आणि त्यांतून आखलेल्या पायवाटा. तिथल्या गोष्टी तो मुलांना सांगायचा. आधी लागतो म्हातारीचा दात, एकटाच, किडलेला. मग खिडकीचा दगड. त्याच्या भोकातून पलीकडचं आभाळ दिसतं, आणि ते अलीकडच्या आभाळापेक्षा जास्त निळं असतं. शेवटी दगडांची शाळा. छोटे छोटे दगड रांगेत बसलेले, समोर एक उंच दगड, ते मास्तर. एक पोरगं रांगेबाहेर, शिक्षा झालेलं. "आणि त्या मास्तरांच्या पायाशी मी माझा पाण्याचा पेला ठेवलाय," तो सांगायचा. "येणाऱ्या-जाणाऱ्याला तहान लागते ना."

"आम्हाला कधी नेणार?" थोरली विचारायची. तेव्हा ती सहा वर्षांची होती.

"हा धाकटा आपली पाण्याच्या टाकीची टेकडी स्वतःच्या पायांनी चढला, की दुसऱ्या दिवशी."

"पुरे झाल्या थापा," ती चादर ओढत म्हणायची.

धाकटा तेव्हा नुकता पाऊल टाकत होता. तो टेकडी चढायच्या आत नवरा काविळीने गेला, ती काम करायची त्याच हॉस्पिटलात, वरच्या मजल्यावर. दुसऱ्या दिवशी त्या वॉर्डाच्या चादरींचं गाठोडं खाली आलं, तेव्हा लाँड्रीतल्या जोडीदारणीने ते तिच्या टेबलावरून उचलून आपल्याकडे घेतलं.

पुढे तीन वर्षं गेली. एका रविवारी पाण्याच्या टाकीवर पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की आज धाकट्याला कडेवर घ्यावं लागलं नाही. त्याच्याही लक्षात आलं होतं. कंबरेवर हात ठेवून, धापा टाकत तो म्हणाला, "चढलो. आता चला."

"कुठे?"

"कुठे काय? शाळेत! दगडांच्या!"

शब्द बापाने दिलेला होता, पण दिलेला होता. फूटपट्टीला त्यातून सुटायची वाट दिसेना. तिने रजेचा अर्ज टाकला.

मग घरात दुसरा विषय उरला नाही. थंडीत जायचं, बसने उद्यानाच्या दारापर्यंत, तिथल्याच धर्मशाळेत एक रात्र. पहाटे निघायचं, ऊन चढायच्या आत सावलीला यायचं. पाणी तिने उचलायचं, मुलांनी आपापली टोपी, स्वेटर आणि गळ्यात एक-एक शिट्टी. हरवलं तर शोधत फिरायचं नाही, आहे तिथेच बसायचं आणि शिट्टी वाजवायची. याचा सराव जिन्यात झाला. धाकटा दुसऱ्या मजल्यावर बसून हरवला आणि त्याने अख्ख्या इमारतीला उठवलं. खालचे पेन्शनर आजोबा बनियनवरच बाहेर आले. "सापडला का गं तुझा पोरगा? नसेल तर मीच हरवतो त्याला!"

चालायचं धाकट्याच्या चालीने, हेही ठरलं. धाकट्याची चाल म्हणजे दहा पावलं आणि एक मुंगी.

एका संध्याकाळी थोरलीने विचारलं, "आई, तिथे दुसरी माणसंपण येतात ना?"

"येतात की."

"मग बाबांचा पेला कुणी उचलून नेला असेल तर?"

"त्याचं बघू तिथे गेल्यावर," ती म्हणाली. ती टोप्यांना नाड्या शिवत होती. मुलीने तो प्रश्न दारात उभं राहून, धाकटा आसपास नाही हे बघून विचारला होता, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

मुलांना झेपेल अशी वाट कुठली, हे विचारायला तिने उद्यानाच्या कचेरीत फोन केला. फोनवरची बाई समजूतदार होती. चार आणि नऊ वर्षांच्या मुलांसाठी दाराजवळची छोटी फेरी घ्या म्हणाली.

"त्या फेरीत खिडकीचा दगड लागतो का? भोक असलेला?"

"असा दगड नाहीये हो आमच्याकडे."

"दगडांची शाळा? रांगेत बसल्यासारखे..."

"बाई, मी चौदा वर्षं आहे इथे," पलीकडचा आवाज हळू झाला. "तुम्हाला दुसरी कुठली जागा म्हणायचीय का?"

नवऱ्याबरोबर गाडीवर असणारा दुसरा ड्रायव्हर, मुलांचा काका, आता शहरातच माल पोचवायचा. ती जेवणाच्या सुट्टीत त्याला गाठायला गोदामावर गेली. तो पोत्यावर बसून डबा खात होता. तिने विचारलं तसा त्याचा घास हातातच राहिला.

"वहिनी, आम्ही तिथून रात्रीच जायचो. दिवसा रस्ता तापतो, टायर फुटतात. दुपारी अलीकडच्या पंपावर गाडीखाली झोपायचं, अंधार पडला की निघायचं, उजाडायच्या आत पलीकडे."

"म्हणजे यांनी ते पाहिलंच नाही?"

"पाहिलं की. दिव्यांच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो, तेवढं."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं..." तो कसंनुसं हसला. "स्टिअरिंगवर डोळा लागू नये म्हणून तो मोठ्याने रचत बसायचा. ती म्हातारी आधी अख्खी होती. मीच म्हणालो, दात तेवढा ठेव. वहिनी, त्या दगडांचं मला काही विचारा. पाहिले नाहीत मी, पण ऐकलेत."

"पेला?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. मग डब्याचं झाकण लावलं. अर्धा डबा तसाच होता.

परतताना ती बसथांब्यावर न थांबता चालत राहिली. नवरा थापा मारायचा हे तिला ठाऊकच होतं, पण थापेच्या मुळाशी काहीतरी असेल, एखादा दगड तरी असेल, असं तिने धरलं होतं. तिथे नुसता अंधार होता, आणि त्या अंधारात जागं राहू पाहणारा एक माणूस. तिला त्याचा राग यायला हवा होता. आला तो स्वतःचाच. इतक्या वेळा ती त्याला कोपऱ्याला कोपरा लावायला सांगत राहिली, आणि कधी विचारलं नाही की रात्री झोप आली तर काय करता.

आता काय करायचं? जायचं रद्द करावं, तर धाकट्याच्या टेकडीचं काय? न्यावं, तर तिथे म्हातारीचा दात नाही, खिडकी नाही, मास्तर नाही, पेला नाही. मुलांजवळ बापाचं उरलं होतं ते एवढंच. त्या मोकळ्या वाळूत उभं राहून बाप दुसऱ्यांदा जाणार. त्यापेक्षा आधीच सांगावं, घरात, तिच्या तोंडाने. शनिवारी, पिशव्या भरून झाल्या की सांगायचं, असं तिने ठरवलं.

शनिवारी तिने लाँड्रीतला ताणकाटा मागून आणला. तिथे गाठोडी तोलतात तशा पिशव्या टांगून तोलायच्या होत्या, मुलांच्या खांद्यांना ओझं नको. धाकट्याची पिशवी हलकी भरली. थोरलीची मात्र असायला हवी त्याहून जड. मुलगी खाली दुकानात गेली होती. आईने पिशवी उघडली. टोपी, स्वेटर, आणि तळाशी मोज्यात गुंडाळलेलं काहीतरी कडक.

एनॅमलचा पेला होता. पांढरा, काठाला निळी रेघ, कानाजवळ टवका उडालेला. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरच्या जोडीतला एक. स्टुलावर चढल्याशिवाय तिथे हात पोचत नाही.

ती खाली बसली. तिथे पेला नाही हे किती दिवसांपासून कळलं असेल हिला? कधी बसून एकटीनेच ताडून पाहिलं असेल, आणि मग धाकट्याला पुन्हा तीच गोष्ट सांगितली असेल, "अरे, आधी दात, मग खिडकी," असं दटावून? नऊ वर्षांच्या मुलीने थापेला खरं करायचं काम अंगावर घेतलं होतं, आणि आईला सांगायचं नाही हेही ठरवलं होतं. कारण आई फूटपट्टी. आई मोजणार.

तिने पेला मोज्यात गुंडाळला, होता तसा तळाशी ठेवला, वर स्वेटर, वर टोपी.

संध्याकाळी दोरीवरची चादर उतरवली. थोरलीने नेहमीसारखी समोरची दोन टोकं धरली. तिचे हात अजून पोचत नव्हते. ती टोकं डोक्यावर धरून चवड्यांवर उभी राहायची. धाकटा ताणलेल्या चादरीखाली शिरून बसला, तंबूत.

"आई," तो आतून म्हणाला, "बाबांचा पेला कसा आहे? मला आधी दिसायला पाहिजे. ताईच्या आधी."

चादर समोरून थांबली. थोरली बघत होती, आईच्या तोंडाकडे.

पिशव्या भरून झाल्या होत्या, सांगायची वेळ हीच होती. तिने चादरीचे कोपरे सारखे केले.

"पांढरा," ती म्हणाली. "काठाला निळी रेघ."

"आणि?"

"आणि कानाजवळ थोडा टवका उडालाय."

समोरचे दोन कोपरे हळूहळू खाली आले. थोरलीने डोळे पुसले नाहीत. हात मोकळे नव्हते. ती धाकट्याच्या डोक्यावरून चादर सांभाळत चालत आली आणि आपले कोपरे तिने आईच्या हातात दिले. ते जुळले नव्हते, बोटभर मागेपुढे होते. आईने ते तसेच धरले.