अकरा वाजून दहा मिनिटांचा ओटीपी

ओटीपी आला तेव्हा आमच्यापैकी कुणीही तो मागितलेला नव्हता.

टेबलावर एक साधा हँडसेट होता, त्यात नवं सिम. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. सहा आकडे आणि खाली नेहमीची ओळ, हा कोड कुणालाही सांगू नका. दुसऱ्या दिवशी त्याच मिनिटाला पुन्हा ओटीपी आला. आकडे वेगळे होते.

मी दुकानदारांचे नंबर बल्क मेसेजसाठी नोंदवून देते. बल्क मेसेज म्हणजे शेकडो ग्राहकांना एकाच वेळी जाणारा संदेश. त्यासाठी दुकानाची कागदपत्रं द्यावी लागतात, मेसेजचा मसुदा मंजूर करून घ्यावा लागतो आणि शेवटी नंबर आपलाच आहे हे ओटीपी भरून दाखवावं लागतं. एरवी दोन दिवसांचं काम.

हा नंबर सलीमभाईंचा. शहागंजमध्ये त्यांचं चादरी-टॉवेलचं घाऊक दुकान आहे. शेवटी चार सारखे आकडे असलेला नंबर त्यांनी मुद्दाम निवडून घेतला होता. मेसेज ईदच्या आधी सुरू व्हायला हवे होते.

त्या न मागितलेल्या ओटीपीच्या आदल्याच दिवशी मी मेसेजिंग ॲपवर हा नंबर टाकला होता, ओटीपी भरला होता. स्क्रीनवर आलं, या नंबरावर आधीच खातं आहे, पिन द्या. मी तो नंबर माझ्या फोनमध्ये सेव्ह करून पाहिला. फोटो दिसला. पटका बांधलेला एक माणूस, मागे मेंढ्या.

बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याला देते, हे नेहमीचं आहे. पण ॲपचं खातं हँडसेटवर चालतं. सिम बंद झालं तरी कुणाचं तरी नेट घेऊन जुन्या हँडसेटवर ते सुरू राहू शकतं. मी ओटीपी भरला, त्या क्षणी ते खातं जुन्या हँडसेटवरून बाहेर पडलं. आता तो हँडसेट ज्याच्या हातात होता, तो परत आत येऊ पाहत होता. त्याने मागितलेला ओटीपी माझ्या टेबलावर येत होता.

पिन माहीत नसेल तर सात दिवस थांबावं लागतं. सलीमभाईंना तसं कळवलं.

"सात दिन? मॅडम, नंबर मेरा, पिन दूसरे का, ये कैसा हिसाब?"

"दुसरा नंबर घेता?"

"नक्को. अपने को येच होना."

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या हँडसेटची रिंग वाजली. मी उचलला.

"अहो," एका बाईचा आवाज आला, "कुठं हाव तुम्ही?"

"कोण बोलतंय?"

"ह्यो फोन तुमच्याकडं कसा काय?"

"फोन नाही ताई, फक्त नंबर आहे. सिम नवीन आहे."

"मंग फोन कुणाकडं हाय?"

मी ऑफिसचा पत्ता दिला.

दुसऱ्या दिवशी त्या गंगापूरकडून एसटीने आल्या. नाव सुनीता, वय तिशीच्या आत. फोटोतला माणूस त्यांचा नवरा. त्याचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. पोलिसांतल्या तक्रारीच्या प्रतीवर मी ते वाचलं. हायवे ओलांडताना कळपात ट्रक घुसून मेंढरं मेली होती. त्या दिवशी मेंढरं त्याच्या ताब्यात होती. संध्याकाळी तो खिशातल्या फोनसकट निघून गेला, तो परत आला नाही.

काही दिवसांनी नंबर लागेनासा झाला. सुनीताबाई तरीही त्याला ॲपवर रोज एक व्हॉइस मेसेज पाठवत राहिल्या. त्यांनी मला स्क्रीन दाखवली. शेवटचे चार सोडून वरपासून खालपर्यंत सगळ्या मेसेजपुढे दोन निळ्या टिक होत्या. दोन निळ्या टिक म्हणजे पलीकडे कुणीतरी मेसेज उघडला. उत्तर एकालाही नव्हतं.

"चार दिवसांपासनं एकच टिक यायलीय," त्या म्हणाल्या. एकच टिक म्हणजे मेसेज पोचलाच नाही.

"ते माझ्यामुळे झालं," मी म्हणाले आणि काय केलं ते सांगितलं.

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊजी म्हणत्यात, येत्या अमावस्येला दिवस घालायचे. मी म्हणते, माणूस रोज ऐकायलाय, अन् तुम्ही दिवस कशाचे घालता? ते म्हणत्यात, फोन चोराकडं हाय. आता टिकबी गेली. काय दाखवू त्यांला?"

तेवढ्यात टेबलावरचा हँडसेट थरथरला. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"हे कुणी मागितलं?"

"ज्याच्याकडे फोन आहे, त्याने."

"कुठून?"

"ते कळत नाही."

सुनीताबाई आकड्यांकडे बघत राहिल्या. "मंग देऊन टाका की त्यांला."

"कसा देणार? त्या फोनपर्यंत पोचायचा रस्ताच नाही."

जे माहीत होतं तेवढं मी सांगितलं. चोरीचा फोन वापरणारा स्वतःचा नंबर टाकतो. हाच नंबर रोज टाकणाऱ्याला हेच खातं हवं आहे. हा अंदाज आहे, पुरावा नाही.

"चोराला माझं बोलणं कशाला लागतंय?" सुनीताबाई म्हणाल्या. "अन् अकराला मेंढरं पाण्यावर बसत्यात. तवाच माणूस मोकळा असतो."

"मग ते फोन का करत नाहीत?"

"बोलायचं नसंल. ऐकायचं असंल."

सलीमभाई दारात उभे होते. उशीर का होतोय ते विचारायला आले होते. त्यांनी बरंचसं ऐकलं होतं.

"ये रोज आता क्या?"

"रोज."

"इसी टाइम पे?"

"हो."

त्यांनी हँडसेटला हात लावला नाही. "इस नंबर से मैं चादरी का मेसेज भेजूं? नक्को रे बाबा. ये बाई को दे डालो. मेरे को सादा नंबर निकाल के दो."

सिम दुसऱ्याच्या नावावर करायला फॉर्म, आधार आणि दोघांच्या सह्या लागतात. ते काम सुनीताबाईंनी शहरात थांबून पूर्ण केलं. सलीमभाईंचा साधा नंबर दोन दिवसांत नोंदवला गेला. चादरींचे मेसेज ईदच्या आधी गेले.

पोलिसांनी सुनीताबाईंचा नवा अर्ज घेतला. दिराने सलग तीन दिवस अकरा वाजता त्यांच्या शेजारी बसून स्वतःच्या डोळ्यांनी ओटीपी येताना पाहिला. त्या अमावस्येला दिवस घातले नाहीत.

नंतर एकदा त्याच नंबरावरून मला फोन आला.

"मॅडम, आज दोनदा आला."

"किती वाजता?"

"एक रोजच्या टायमाला. दुसरा आत्ता, मी फाट्यावर एसटीतून उतरले तवा."

"तिथे कोण आहे?"

"कुणीच नाय," त्या म्हणाल्या. आवाज शांत होता. "मी थांबलेय."

त्यानंतर त्यांचा फोन आलेला नाही. मीही केला नाही. कुठलाही नंबर नोंदवण्याआधी आता मी तो माझ्या फोनमध्ये सेव्ह करून पाहते. फोटो दिसला, तर ग्राहकाला दुसरा नंबर घ्यायला सांगते. कारण विचारलं, तर वेळ वाचतो असं सांगते.