लालबागच्या चाळीमागची शिंजिराची पिल्लं

पुण्यातल्या माझ्या बाल्कनीत नर्सरीतून आणलेली विलायती झाडं आहेत. चिमणीसुद्धा तिकडे ढुंकून बघत नाही. त्यामुळे लालबागहून आत्येचा फोन आला तेव्हा आधी हेवाच वाटला.

"गो, शिंजिराक पिल्लां झाली. नि नाना परवा औषध मारूक माणूस बोलावतत. तू लिवतंस ना झाडापाखरांचा? ये नि तेंका समजाव!"

औषध मारायच्या दिवशीच पहाटेच्या बसने दादर गाठलं. मे महिन्यात जाणार असाल तर ऊन चढायच्या आत पोचा. फुलबाजारात आत्येसाठी सोनचाफा घेतला. थोडी घासाघीस करा, विक्रेत्यांनाही त्याशिवाय करमत नाही. टॅक्सीने मसाल्याच्या गल्लीशी उतरले आणि मिरच्यांच्या खकाण्यात शिंकत चाळीत शिरले.

चाळीच्या मागे भिंत आणि गटार यांच्यामध्ये एक चिंचोळी पट्टी आहे. पूर्वी तिथे वरून कचरा पडायचा. आत्येने तो उपसून कढीपत्ता, लिंबू, जास्वंद, अडुळसा, रुई अशी आपल्या मातीतली झाडं लावली. खत म्हणजे मासे धुतलेलं पाणी आणि भाज्यांची सालं. औषधाचा थेंब नाही. कढीपत्त्याची पानं अळ्यांनी कुरतडून चाळणी झालेली, आणि आमटीसाठी ही बाई भाजीवाल्याकडून कढीपत्ता आणते! "झाडावरचो तेंचो," म्हणते. कोळ्यांची जाळीही झाडत नाही, कारण शिंजीर, फुलांतला मध पिणारा तो इवला पक्षी, त्यांनीच घरटं विणतो.

ते घरटं जास्वंदीला जुन्या मोज्यासारखं लटकत होतं. भोकातून दोन इवल्या चोची बाहेर आल्या आणि बोटाएवढ्या आईने त्यांत कोळी कोंबला. मी तिथेच विरघळले.

बांगड्याचं तिखलं आणि भात चापून होतो न होतो तोच नाना आले. तळमजल्यावरचे, चाळ कमिटीतले. मागे पाठीवर पंप घेतलेला फवारणीवाला. मी घोकलेलं भाषण सुरू केलं: फवारलं तर कोळी मरतील, अळ्या मरतील, पिल्लं उपाशी...

"मॅडम, गेल्या पावसात माझ्या नातवाला डेंग्यू झाला होता," नाना म्हणाले. "आता सुट्टीत गावाला गेलाय. तो यायच्या आत मला हे साफ करून पायजे. पाखरू मोठं का पोर?"

मी आधारासाठी आत्येकडे बघितलं.

आत्ये मात्र खाली वाकून बघत होती. पाखरांसाठी तिनेच ठेवलेल्या मातीच्या थाळीत डासांच्या अळ्या वळवळत होत्या. तिचा चेहरा पडला. तिने थाळी तिथेच मातीत उपडी केली.

"नाना, चूक माझीच. पाणी मी रोज बदलीन, थेंब साठूक देणार नाय. फक्त पिल्लं उडेपर्यंत थांबा. मग हवा तेवढा औषध मारा, मी आड येणार नाय. शब्द देते."

नानांनी घरट्याच्या भोकात डोकावून पाहिलं. मग फवारणीवाल्याला म्हणाले, "चहा पिऊन जा रे. नंतर फोन करतो." तुम्हीही असा कोपरा करणार असाल तर साठलेल्या पाण्याची ही गोष्ट आधी लक्षात ठेवा.

संध्याकाळच्या बसने मी परतले. पिशवीत चिवडा होता, पण जीव त्या घरट्यात अडकलेला. पिल्लं उडाली नाहीत तरी वाईट, आणि उडाली तर आत्येची बाग जाणार.

आठवड्याभराने तिचा फोन आला. "उडाली गो दोनव. घरटा रिकामा."

"आणि नाना?"

"मीच जाऊन सांगितलंय, बोलवा तुमच्या माणसाक. शब्द दिल्लंय. ते येऊन रिकाम्या घरट्यासमोर उभे ऱ्हवले. माका इचारलानी, ही परत येतीत काय? म्हटलंय, औषध मारल्यार कशाक येतीत?"

"मग?"

"मग म्हणाले, ऱ्हवांदे ता औषध, वहिनी. पोरगो येतलो, तेका काय दाखवू?"