अव्वाच्या मशेरीचा तवा

डॉक्टर वर्षाराणीनं नांदेडच्या प्रयोगशाळेत अख्खी नोकरी लोकांची लघवी तपासण्यात काढली. हसू नका! माणूस तोंडानं खोटं बोलतो, लघवी बोलत नाही. तंबाखूतलं निकोटिन अंगात गेलं की त्याचं कोटिनिन होतं आणि ते लघवीत उतरतं. त्या एका आकड्यासाठी ही बाई धर्माबादपासून इस्लापूरपर्यंत बाटल्या घेऊन हिंडली. तंबाखूच्या पुड्यांवर इशारा काय छापायचा हे ठरवणारी सरकारी समिती होती, तिथं कंपन्यांच्या वकिलांशी भांडली आणि भांडणात बऱ्याचदा तिचंच खरं झालं.

पण घरी काय? लोका सांगे ब्रह्मज्ञान! लातूरजवळ मुरुडला, किराणा दुकानाच्या मागच्या घरात, तिची आई गौरम्मा रोज उठल्या उठल्या दातांना तंबाखूची मशेरी लावायची. अंघोळ, विभूती, लिंगपूजा, सगळं त्यानंतर.

"अव्वा, निदान एक बाटली तरी दे तपासायला," वर्षाराणी दर सुट्टीत विनवायची.

"गप ए! एवढी शिकलीस ते आईचं मूत बघायला व्हय? आन् मी काय बिड्या फुकून राहिले का? दातच घासते की."

गल्ल्यावर बसलेला भाऊ संगमेश्वर यावर पोट धरून हसायचा.

यंदा नव्या अभ्यासाला तंबाखूला कधी हातही न लावलेल्या बायका हव्या होत्या. त्यांच्या नमुन्याला प्रयोगशाळेत कोरा नमुना म्हणत. संगमेश्वरची बायको शिल्पा आनंदानं तयार झाली. लग्नानंतर लई वर्षांनी तिला दिवस गेले होते. नवससायास झाले, दवाखाने झाले, आणि आता कुठं पाळण्याची आशा लागली होती. घरात तिला कोणी घागरसुद्धा उचलू देत नव्हतं.

वर्षाराणीनं तिचा नमुना मशीनवर चढवला. आकडा मशेरी लावणारीपेक्षा कमी होता, पण कोऱ्या बाईपेक्षा पुष्कळ जास्त. तिनं पुन्हा तपासलं, तर तेच. संगमेश्वर सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही, घरात बिडी-सिगरेट कोणी ओढत नाही. म्हणजे शिल्पाच चोरून लावते! पोटात लेकरू असताना! तिनं शनिवारची एसटी धरली आणि मुरुडला पोचून चहा घ्यायच्या आत शिल्पाला आतल्या खोलीत गाठलं.

"लिंगाची आण आक्का, म्या जिभेला लावली न्हाई कधी," शिल्पा रडकुंडीला आली.

"मशीन खोटं बोलत नाही, शिल्पा."

झालं. शिल्पा जेवली नाही. संगमेश्वर बहिणीशी धड बोलेना. आणि वर्षाराणीला पोरीचा राग येत होता, तशी कीवही येत होती.

पहाटे तिला जाग आली ती वासानं. हा वास तिच्या ओळखीचा होता, इतका की तो तिला कधी वास वाटलाच नव्हता. माहेरी सकाळ झाली, एवढाच त्याचा अर्थ. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि दारातच थबकली. शिल्पा नाकाला पदर लावून, सुजलेल्या डोळ्यांनी गॅसवर काळा तवा हलवत होती. तव्यात तंबाखू जळत होती. वाऱ्यानं ती उडू नये म्हणून खिडकी घट्ट लावलेली, आणि धूर छतापर्यंत कोंडलेला.

"हे तू रोज करतीस?"

"हाव. अत्याबाईला इकतची पुडी चालत न्हाई, ताजी भाजलेली लागते. सैपाकातलंच काम हाय की."

स्वयंपाकातलंच काम! प्रश्नावली वर्षाराणीनं स्वतः लिहिली होती. खाता का, ओढता का, दाताला लावता का, सगळं विचारलं होतं. भाजता का, हे विचारायचं तिला सुचलं नव्हतं. अहो, सुचणार कसं? शिल्पा या घरात येण्याआधी त्याच तव्यापुढं ती स्वतः बसत होती. भाकरी भाजणाऱ्या बाईला कोणी विचारतं का, भाकरीचा धूर घेता का म्हणून?

तिनं गॅस बंद केला, खिडकी सताड उघडली आणि शिल्पाचे दोन्ही हात धरले. "चुकलं गं माझं. हा धूरच तुझ्या पोटात जातोय. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी."

दारात गौरम्मा उभी होती.

"धूर पोटात जातो म्हनतीस?"

"पोटातल्या लेकरालाही जातो, अव्वा."

"उगं कायतरी!" म्हणत म्हातारीनं दोघींना बाहेर काढलं आणि खिडकी लावून स्वतः भाजायला बसली. कैक वर्षांत ती त्या तव्यापुढं बसली नव्हती. आधी लेक होती, मग सून. थोड्याच वेळात खोकत, डोळे पुसत ती बाहेर आली आणि चौकट धरून उभी राहिली. शिल्पानं पाणी दिलं, तर तिच्याकडं बघवेना तिला.

"वर्षे, तू तर सातवीपसून बसत होतीस गं याच्यापुढं."

आणि वर्षाराणीला एकदम आठवलं. संशोधनाच्या पहिल्या वर्षी तिनं स्वतःचाच नमुना कोरा म्हणून दिला होता, दिवाळीची सुट्टी संपवून परतल्या परतल्या. तो कोरा निघाला नाही. "खरं सांगा बाई, काय खाता?" सरांनी सगळ्यांदेखत विचारलं होतं. त्या दिवशी ती वसतिगृहात रडरड रडली होती. पुढं तिनं स्वतःची समजूत घातली की बाटलीच नीट धुतली नसेल. हे सगळं तिनं आईला सांगितलं, हसत सांगितलं, पण डोळे भरलेच. गौरम्मानं फडक्यानं तवा उचलून तिच्यापुढं ठेवला.

"हा तवा घिऊन जा," ती म्हणाली. "घरात नगं."

तवा नांदेडला गेला. प्रयोगशाळेत तो काचेच्या बंद पेटीत ठेवून त्यावर तंबाखू भाजली, धूर मोजला. मग गावोगावच्या बायकांना नवा प्रश्न विचारला आणि सगळे आकडे समितीपुढं ठेवले.

"पण भाजणारी बाई तर तंबाखू खात नाही ना?" एका साहेबांनी विचारलं.

"तिच्यासाठीच आलेय मी," वर्षाराणी म्हणाली. पुडीवर भाजण्याच्या धुराचा इशारा छापावा, अशी शिफारस समितीनं लिहून घेतली.

शिल्पाला गुटगुटीत मुलगी झाली. शिल्पाचा नवा नमुना कोरा निघाला तेव्हा वर्षाराणीनं फोन केला.

"आता इस्वास बसला का, आक्का?" शिल्पा हसली, आणि वर्षाराणीला लाजही वाटली, बरंही वाटलं.

मग एकदा संगमेश्वर मालाच्या खरेदीला नांदेडला आला. पिशवीत धपाटे होते, लोणचं होतं, आणि तळाशी फडक्यात बांधलेली एक बाटली.

"अव्वानं दिली," तो हसू दाबत म्हणाला. "म्हनली, मशिनीत घाल आन् आकडा कळव. तिनं मशेरी सोडली यावर शेजारच्या रत्नम्माचा इस्वासच बसंना."

धपाटे तसेच राहिले. वर्षाराणीनं आधी मशीन लावलं, मग फोन.

"अव्वा, कोरी आहेस गं तू!"

"मंग? म्या काय लबाड बोलते का?" गौरम्मा म्हणाली. मग म्हणाली, "त्या तुझ्या सरला बी कळव. म्हनावं, माझी पोरगी तवाबी खरंच बोलत होती."