नाल्यावरचा साखरपुडा

नीलाअक्का कुणाला माफ करत नसे, आणि म्हणूनच ती मला आवडायची. माफ करणारी माणसं मी नागपुरात घरभर बघितली होती. त्यांचं काय भलं झालं ते मला ठाऊक होतं.

बनशंकरीत तिच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहायचे. मी नव्वदच्या दशकात बंगळुरात उतरलेली नवी सॉफ्टवेअरवाली, आणि तिचं माहेर-सासर दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. बोलणं मराठी, पण थोडं म्हणायचं तिथं ‘स्वल्प’ आणि बरं म्हणायचं तिथं ‘सरी’. नवरा सूर्यकांत गेल्यापासून ती शाडूचे गणपती करायची. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये पेणहून आणलेली माती, ओली फडकी आणि फळ्यांवर ओळीनं मांडलेले गणपती. चतुर्थीला बंगळुरातल्या कितीतरी मराठी घरांत तिच्याच हातची मूर्ती बसायची. एरवी कुणी तिची चौकशी करत नसे, पण श्रावण लागला की माणसं आपणहून फाटक उघडून आत यायची.

आमचा रस्ता उताराचा. वरच्या गल्ल्यांचं सगळं पावसाचं पाणी अक्काच्या आणि शेजारच्या प्लॉटच्या मधल्या उघड्या नाल्यातून खाली तळ्याकडे जायचं. त्या रिकाम्या प्लॉटवर पुण्याच्या नंदकिशोरनं घर बांधलं आणि पाडव्याला तो राहायला आला. आल्या आल्या त्यानं नाल्यात एक पाइप टाकला, वर भराव घातला, त्यावर सिमेंटची फरशी केली आणि फरशीवर आपली गाडी लावली.

अक्का त्याला सांगायला गेली. “एवढ्याशा पाइपातून पावसाचं पाणी जायचं नाही. माझ्या अंगणात शिरेल.”

“नीलाताई, काम माझ्या हद्दीत आहे,” तो म्हणाला. सगळ्यांचा नाला याच्या हद्दीत कधी गेला, देव जाणे.

त्याची मुलगी वेदिका मात्र वेगळी निघाली. कॉलेज संपवून घरी बसलेली ही मुलगी रोज शेडमध्ये यायची, माती मळायची, अक्काच्या हाताखाली सोंड वळवायला शिकायची. अक्का गणपतीचे डोळे कुणाला रेखू देत नसे, पण हिला तिनं ब्रश दिला होता. मला मात्र एकदाही दिला नव्हता, हे मी विसरलेले नाही.

चतुर्थी आठवड्यावर आली असताना एका दुपारी ढगफुटी झाल्यासारखा पाऊस कोसळला. अक्का रंग आणायला बाजारात गेली होती, मी ऑफिसात होते. पाइप तुंबला आणि सगळं पाणी उलटून अक्काच्या अंगणात शिरलं. आम्ही परतलो तेव्हा शेडमध्ये गुडघाभर गढूळ पाणी होतं. फळ्या आडव्या झाल्या होत्या. कुठे एखादा मुकुट दिसत होता, कुठे नुसती सोंड, आणि बाकी सगळा चिखल. कोपऱ्यात भिजलेली वेदिका एक मूर्ती छातीशी धरून उभी होती. एवढी एकच तिला वाचवता आली होती.

अक्काच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. रडले ते मी, तेही रागानं. ती घरोघर जाऊन सांगून आली, की यंदा गणपती दुसरीकडे बघा. काहींनी हळहळ केली, आणि बाकीच्यांनी ऐन वेळी अडवलं म्हणून तिलाच ऐकवलं.

नंदकिशोर फाटकाशी येऊन म्हणाला, “फार वाईट झालं हो. पण निसर्गापुढे आपलं काय चालतं?”

अक्का त्याच्याकडे बघत राहिली. “सरी,” एवढंच म्हणाली.

पुढच्या आठवड्यात शिवाप्पा गवंडी आला. त्यानं अक्काच्या अंगणाच्या कडेनं, तिच्या जागेत, कमरेएवढी दगडी भिंत चढवली. नंदकिशोरनं ती येताजाता पाहिली. आता पाणी कुणाकडे वळेल, एवढा साधा विचार त्याच्या डोक्यात आला नाही, कारण त्याच्या मते पाऊस संपत आला होता. महिनाभरानं तो हसतहसत आमंत्रण द्यायला आला. वेदिकाचा साखरपुडा, दसऱ्यानंतरच्या रविवारी. घरासमोर, फरशीवरच मोठा मांडव. मुलगा अवधूत इंदिरानगरचा, घराणं चांगलं.

“एकदा दसरा झाला की पावसाची भीती नाही, काय?” त्यानं विचारलं.

“तुमच्या पुण्यात नसते,” अक्का म्हणाली.

तो हसला आणि गेला. मीही बाहेरचीच, नागपूरची, मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. बंगळुरात परतीचा पाऊस दिवाळीपर्यंत धिंगाणा घालतो, हे तिनं मला तो गेल्यावर सांगितलं. दूधवाल्यापासून देवळातल्या भीमाचार्यांपर्यंत इथल्या सगळ्यांना ते माहीत होतं. नंदकिशोरनं त्यांच्यातल्या कुणाला विचारलं नव्हतं, कारण तो विचारायला जन्मलेलाच नव्हता.

“आणि वेदिका?” मी म्हणाले. “तिनं काय केलंय?”

“तिचं मी बघीन. तुला त्यांना सांगायचं असेल तर जा, सांग.”

मी गेले नाही. त्याचं मला आजही काही वाटत नाही.

साखरपुड्याच्या सकाळी ऊन लख्ख होतं. मी खाली आले तर अक्कानं आपला हॉल रिकामा करून सतरंज्या अंथरल्या होत्या. देवापाशी समई तयार होती. दाराशी लोखंडी पहार टेकवून ठेवली होती. “कोण येणार आहे?” मी विचारलं. “बघू,” ती म्हणाली.

दुपारी पाहुणे जमले, आणि चहा फिरत असताना आभाळ काळं झालं. मग पाऊस असा आला, की मांडवाचं कापड पोट सुटल्यासारखं खाली आलं. पाइप तुंबला. पाण्यानं अक्काच्या भिंतीला धडक दिली आणि ते मागे फिरून थेट मांडवात शिरलं. गालिचा तरंगला, खुर्च्या आडव्या झाल्या, पेढ्यांची ताटं वाहत निघाली. पाणी पायऱ्या चढून नंदकिशोरच्या दिवाणखान्यात गेलं. व्याही सोवळ्यातल्यासारखे धोतर वर धरून उभे होते.

अक्का छत्री घेऊन भिंतीपाशी गेली. नंदकिशोर पलीकडून ओरडला, “नीलाताई, या भिंतीचे दोनचार दगड काढा हो!”

“काम माझ्या हद्दीत आहे,” ती म्हणाली.

मग तिनं छत्री टाकली, भिंतीवरून वाकून वेदिकाला हात दिला आणि शालूसकट अलीकडे घेतलं. वेदिकाची आई, अवधूत, व्याही-विहीण, सगळे फाटकातून आले आणि पायऱ्या चढून कोरड्या हॉलमध्ये बसले. मी टॉवेल वाटत होते. शेवटी नंदकिशोर आला. अक्का दारात उभी होती.

“तुम्ही थांबा. आधी ती फरशी फोडा.” तिनं पहार पुढे केली.

“आत्ता? पाहुण्यांच्या देखत?”

“माझे गणपती गेले ते मी घरोघर जाऊन सांगितलं.”

रस्त्यावर बघ्यांत शिवाप्पा उभा होता. नंदकिशोरनं त्याला हात केला. “शिवाप्पा, तू राहू दे,” अक्का म्हणाली. “त्यांनी घातलीय, तेच काढतील.”

आत मुलगी थांबलेली, व्याही खिडकीशी. नंदकिशोर रेशमी झब्बा घालून पाण्यात उतरला. त्याला पहार धरता येत नव्हती. फरशीला पहिली चीर पडली तेव्हा त्याचे हात सोलले होते. मी खिडकीतून सगळं पाहिलं, एकदाही मान वळवली नाही, आणि मला फार बरं वाटलं. भगदाड पडलं, खालचा भराव वाहून गेला, आणि तुंबलेलं पाणी गडगडत तळ्याकडे निघालं.

मग अंगठ्या घातल्या गेल्या. चिखलानं माखलेला नंदकिशोर कोपऱ्यात उभा राहून व्याह्यांना म्हणायला लागला, “काय करणार, निसर्गापुढे…” अक्कानं त्याच्याकडे पाहिलं. पुढचं वाक्य त्यानं गिळलं.

नाला तेव्हापासून उघडाच राहिला. पुढच्या वर्षी शेडमध्ये पुन्हा गणपतींच्या ओळी लागल्या. अक्कानं इंदिरानगरला वेदिकाच्या सासरी सगळ्यांत सुबक मूर्ती पाठवली, डोळे वेदिकाकडूनच रेखून घेतलेली. नंदकिशोरही मूर्ती सांगायला आला, हात जोडून. “माती संपली,” अक्का म्हणाली. तिच्या मागे मातीचा ढीग त्याला स्वच्छ दिसत होता.

त्याच्या घरी मग बाजारातला प्लास्टरचा गणपती बसला. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी आणि अक्का तळ्याकडे फिरायला गेलो. तिच्या मूर्तींचा कुठे मागमूस नव्हता, पाणी नुसतं मातकट झालं होतं. काठाशी नंदकिशोरचा गणपती तसाच पडून होता, रंगसुद्धा न उतरता.

अक्कानं वाकून त्याला नमस्कार केला आणि म्हणाली, “बघ, त्यांचा टिकला पाण्यात.”